स्त्रीचे आजार आणि तिचा परिसर

वैद्यकीय महाविद्यालयात आपण सर्वांनी स्त्रीरोगशास्त्र शिकले ते अवयववार. गर्भाशयाचे आजार, बीजांडांचे आजार, गर्भनलिकांचे आजार, असे एकेक प्रकरण पुढे सरकत असे. परीक्षेच्या दृष्टीने ही मांडणी सोयीची होती. परंतु हे अवयव ज्या बाईच्या शरीरात आहेत ती कोठे राहते, कोणते पाणी पिते, कशावर स्वयंपाक करते, शौचाला कोठे जाते आणि दिवसभरात किती ओझे उचलते, याचा विचार त्या पुस्तकांत अभावानेच आढळे. पुढे व्यवसायात पडल्यावर मात्र रुग्ण अवयवासकट आणि परिसरासकट समोर येतो.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तेव्हा हा विषय माझ्या अधिकारात कसा येतो, असा प्रश्न स्मरणिकेच्या वाचकांना पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, रामाकोना परिसरात स्वतःच्या दुखण्यासाठी दवाखान्याची पायरी न चढणारी बाई मुलाच्या तापासाठी मात्र त्वरित येते. मुलाची तपासणी आटोपली की निघता निघता कमरेच्या दुखण्यावर एखादी गोळी मागते. थोडी अधिक चौकशी केली, की त्या कंबरदुखीमागे अंगावरून पांढरे जाणे, लघवीची जळजळ, ओटीपोटातील दुखणे अथवा अंग बाहेर येणे, यांपैकी काहीतरी निघते. अनेकींच्या बाबतीत हे ऐकणारा पहिला डॉक्टर मुलांचाच असतो. शिवाय दोन किलो वजनाचे बाळ माझ्या टेबलावर येते, तेव्हा त्याच्या आजाराचा आरंभ आईच्या गरोदरपणातील परिस्थितीत शोधावा लागतो.

प्रस्तुत लेखात मला एकच गोष्ट मांडावयाची आहे. आपल्या भागातील स्त्रियांच्या पुष्कळशा आजारांचे मूळ त्यांच्या पाण्यात, चुलीत, वावरात आणि शौचाच्या जागेत आहे. ते मूळ न शोधता केलेला उपचार अपुरा ठरतो, आणि कधी कधी तो अपायही करतो.

भोपाळची साक्ष

परिसराचा स्त्रीच्या प्रजननसंस्थेवर काय परिणाम होतो, याची सर्वांत दुःखद साक्ष आपल्याच राज्यात मिळाली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू गळला. मी त्या वेळी शाळेत होतो. वर्तमानपत्रांतून डोळे आणि फुप्फुसे यांच्याविषयी वाचल्याचे स्मरते. स्त्रियांच्या पाळीविषयी अथवा गर्भाविषयी वाचल्याचे स्मरत नाही.

१९८५ च्या प्रारंभी डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सद्गोपाल यांनी गॅसबाधित वस्त्यांतील स्त्रियांची स्त्रीरोगविषयक तपासणी केली. पांढरे जाणे, ओटीपोटातील दाह, पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव आणि अंगावरचे दूध आटणे अशा तक्रारी त्यांना मोठ्या प्रमाणात आढळल्या. त्याच वर्षी, दुर्घटनेनंतर नऊ महिन्यांनी, डॉ. दया वर्मा यांनी ३,२७० कुटुंबांची पाहणी केली. त्या रात्री गर्भवती असलेल्या ८६५ स्त्रियांपैकी सुमारे ४३ टक्के स्त्रियांच्या पदरी जिवंत मूल आले नाही. जी बाळे जिवंत जन्मली, त्यांपैकी १४ टक्के महिन्याभरातच दगावली. दुर्घटनेपूर्वीच्या दोन वर्षांतील त्यांच्या बाळंतपणांत हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला हा आकडा फार बोलका वाटतो. विषारी वायू आईने श्वासावाटे घेतला आणि त्याचा परिणाम तिच्या उदरातील जिवापर्यंत पोहोचला. भोपाळमध्ये परिसर एका रात्रीत बदलला, म्हणून त्याचे परिणाम मोजता आले. आपल्या गावांतील स्त्रीचा परिसर वर्षानुवर्षे तोच असतो. त्याचे परिणामही वर्षानुवर्षे साचत जातात, आणि ते बाईचे भोगणे म्हणून सोडून दिले जातात.

गडचिरोलीची दोन गावे

साचत गेलेल्या या परिणामांचे मोजमापही पुढे डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच केले. गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी त्यांनी गावातच केली. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करतात. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक वा अधिक आजार होते. एका स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार होते. एकूण आजारांपैकी निम्मे जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते. आणि यापूर्वी कधीतरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के.

या अभ्यासापूर्वी स्त्रीरोगांविषयीची आपली माहिती रुग्णालयांत येणाऱ्या स्त्रियांवरून बांधलेली होती. ज्या येतच नव्हत्या, त्यांची मोजदाद कोणी केली नव्हती. वसा आणि अमिर्झाने दाखवून दिले की, तक्रार नसणे म्हणजे आजार नसणे नव्हे. निम्म्याजवळपास स्त्रियांनी कोणतीही तक्रार सांगितली नव्हती.

गडचिरोली आपल्यापासून फार दूर नाही. सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींचा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. कागदोपत्री आपण मध्यप्रदेशात असलो तरी भाषा, शेती, आहार आणि घरातील स्त्रीचे स्थान या बाबतींत आपण विदर्भाचेच शेजारी आहोत. त्यामुळे तेथे जे आढळले, ते येथे नसावे असे मानण्यास आधार दिसत नाही.

पाणी आणि शौचाची जागा

जंतुसंसर्गापासून आरंभ करू. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू आम्लता राखतात आणि इतर जंतूंना वाढू देत नाहीत. ओलसर, नीट न वाळलेला पाळीचा कपडा, अंघोळीसाठी आडोसा नसणे आणि धुण्यासाठी अपुरे पाणी यांमुळे हा तोल बिघडतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओडिशातील एका अभ्यासात पाळीच्या काळात पुनःपुन्हा कापड वापरणाऱ्या आणि स्वच्छतेच्या सोयी नसणाऱ्या स्त्रियांत मूत्र व जननमार्गाच्या संसर्गाचे प्रमाण अधिक आढळले. दोष कापडाचा नाही. स्वच्छ पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवलेले सुती कापड उत्तम असते. परंतु तो कपडा दोरीवर उघडा वाळत घालण्यास आपल्याकडील बाई धजत नाही. ती तो दुसऱ्या लुगड्याखाली किंवा न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लपवते. येथे लाज हादेखील परिसराचाच भाग ठरतो.

शौचालयाचेही तसेच. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात घरोघरी शौचालये उभी राहिली, ही मोठी सुधारणा आहे. पण उन्हाळ्यात पाणी कमी पडले की त्याच शौचालयात सरपण साठवलेले मी पाहिले आहे. वावरात दिवसभर राबणाऱ्या बाईला तर आडोसाच नसतो. मग ती सकाळपासून पाणी कमी पिते आणि लघवी धरून ठेवते. मे महिन्याच्या उन्हात हा क्रम चालला, तर मूत्राशयाचा दाह ठरलेलाच. गरोदरपणात असा संसर्ग वर चढून मूत्रपिंडापर्यंत जातो आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ शकते. ते अपुऱ्या दिवसांचे बाळ मग माझ्याकडे येते.

ओझे, ऊन आणि बाळंतपण

पाण्याचा गुंड डोक्यावर आणि मूल कमरेवर, हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे आहे की त्यात आपल्याला वैद्यकीय असे काही दिसत नाही. गर्भाशयाला जागेवर धरून ठेवणारे स्नायू आणि बंध बाळंतपणात ताणले जातात. त्यांना पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात. त्या काळात जड ओझे उचलले, तर पोटातील दाब वाढून गर्भाशय खाली सरकते. नळ घरात आला, तर किती स्त्रियांचे अंग बाहेर येणे टळेल, याचा हिशेब कोणत्याही पाणीयोजनेच्या अंदाजपत्रकात नसतो. तो डॉक्टरांनी मांडावयास हवा.

पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर माता व त्यांची मुले यांचा दीर्घकालीन अभ्यास चालविला आहे. डॉ. शोभा राव यांनी त्यातीलच मातांच्या श्रमांविषयीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. गरोदरपणात ज्या स्त्रियांना कष्टाची कामे अधिक पडली, त्यांची बाळे वजनाने कमी भरली. आपण गरोदर स्त्रीला लोहाच्या गोळ्या देतो आणि पौष्टिक खाण्यास सांगतो, ते योग्यच आहे. परंतु तिच्या डोक्यावरचा भार कमी करणे हादेखील उपचारच आहे, असे या निष्कर्षांवरून म्हणता येते.

अलीकडच्या वर्षांत उष्णतेचीही यात भर पडली आहे. तामिळनाडूतील ८०० गरोदर स्त्रियांच्या पाहणीत असे दिसले की, कडक उष्णतेत काम करणाऱ्या स्त्रियांत गर्भपाताचा धोका सुमारे दुप्पट होता. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सौंसरचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

धूर आणि फवारणी

कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाट्यांच्या मोळ्या घरी येतात आणि वर्षभराचे सरपण होते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे सिलिंडर घरोघरी पोहोचला. तरी भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून पुष्कळ घरांत चुलीवरच होते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड आईच्या रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो आणि गर्भाला मिळणारा प्राणवायू घटतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. मुळात कमी असलेल्या हिमोग्लोबिनवर धुराचा हा आणखी एक भार पडतो.

मात्र येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नमूद करावयास हवी. भारतासह चार देशांत ३,२०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत अर्ध्या स्त्रियांना गॅसची शेगडी आणि सिलिंडर पुरविण्यात आले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांतील बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा नव्हे. गरोदरपणाच्या मध्यात चूल बदलली, तरी आयुष्यभराचा धूर, रक्तक्षय, कष्ट आणि शेजारची चूल मागे उरतातच. परिसरातील एकच धागा ओढून संपूर्ण गुंता सुटत नाही, असा बोध मी त्यातून घेतो.

फवारणीविषयीही तेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर मृत्यू पावले. त्या वेळी पंप पाठीवर घेणाऱ्या पुरुषांची चर्चा झाली, आणि ती आवश्यकच होती. परंतु फवारणीचे पाणी वाहून आणणारी, औषधाने भिजलेले कपडे धुणारी आणि फवारलेल्या शेतात निंदण करणारी बहुधा स्त्रीच असते. वेचलेला कापूस ती ज्या ओटीत भरते, ती ओटीही पोटालाच बांधलेली असते. काही कीटकनाशके शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करतात, याकडे जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अहवालाने लक्ष वेधले आहे. पाळीची अनियमितता किंवा वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीला आपण थायरॉइडची तपासणी लिहून देतो. तिच्या घरात औषधाचे डबे कोठे ठेवले जातात, हेही विचारावयास हवे.

एका उदरात तीन पिढ्या

मुलीच्या बीजांडांतील सर्व बीजे ती आईच्या उदरात असतानाच तयार होतात. गर्भाच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास त्यांची संख्या साठ ते सत्तर लाख असते, जन्माच्या वेळी ती दहा ते वीस लाखांवर येते, आणि पुढे ती घटतच जाते. म्हणजे मुलगी उदरात असलेली गरोदर बाई जेव्हा चुलीपुढे बसते, तेव्हा तिच्या भावी नातवंडाचा अर्धा वारसाही त्याच धुरात बसलेला असतो.

गर्भावस्थेतील संपर्काचा परिणाम किती उशिरा दिसू शकतो, याचे ज्ञात उदाहरण डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या औषधाचे आहे. गर्भपात टाळण्यासाठी ते अमेरिकेत अनेक वर्षे गरोदर स्त्रियांना दिले गेले. १९७१ मध्ये त्या स्त्रियांच्या तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग आढळला, तेव्हा त्याचा संबंध उघड झाला. आईने घेतलेल्या औषधाची किंमत मुलीने पंधरा-वीस वर्षांनी मोजली. म्हणून स्त्रीरोगांचा प्रतिबंध हा मला बालरोगशास्त्राचाही विषय वाटतो.

पिशवी काढण्याचा प्रश्न

या सर्व विवेचनाची कसोटी एका प्रश्नावर लागते, आणि तो प्रश्न आपल्या व्यवसायालाच उद्देशून आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये महाराष्ट्रभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहांमध्ये एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या थोडे वर आहे. दोन्ही पाहण्यांचे वयोगट अगदी सारखे नसतील, तरीही ही तफावत मोठी आहे.

या स्त्रियांचा परिसर कसा होता? सहा-सहा महिने फडाशेजारच्या कोपीत मुक्काम, शौचालय नाही, पुरेसे पाणी नाही, पहाटेपासून तोड, नंतर मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरणे. नवरा-बायकोची जोडी मुकादमाकडून उचल घेते, आणि खाडा पडला की दंड भरावा लागतो. पाळीचे चार दिवसही तेथे परवडत नाहीत. अशा परिसरात जंतुसंसर्ग आणि ओटीपोटाचे दुखणे होणारच. ते घेऊन बाई डॉक्टरकडे जाते आणि "पिशवी काढून टाका, कायमची कटकट मिटेल" असा सल्ला ऐकते. परिसराचा आजार शस्त्राने काढता येईल, असा हा समज आहे.

आपल्याकडे ऊसतोड नाही, पण समज मात्र आहे. माझ्याकडे मुलाला घेऊन आलेल्या एका तिशीतील आईची पिशवी दोन वर्षांपूर्वी काढलेली होती. पांढरे जाणे आणि लघवीची जळजळ या तक्रारींसाठी तिने ती काढून घेतली होती. जळजळ तशीच होती. तिच्या घरी नळ नव्हता, आणि वावरात पाणी पिण्याची तिला आजही भीती वाटत होती. भरीला आता अंगाची आग, झोप न लागणे आणि हाडांचे दुखणे यांची भर पडली होती. बीजांडेही काढली असतील तर पाळी त्वरित जाते. ती ठेवली असली तरी पाळी जाण्याचे वय अलीकडे येऊ शकते, आणि हाडे व हृदय यांना असलेले संप्रेरकांचे संरक्षण लवकर संपते. कर्करोग, मोठ्या गाठी, आटोक्यात न येणारा रक्तस्राव अशा कारणांसाठी ही शस्त्रक्रिया जीवनदायी आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो ज्या दुखण्यावर पाणी, विश्रांती आणि प्रतिजैविकांचा योग्य क्रम पुरेसा होता, त्यावर शस्त्र चालविण्याचा. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले आहेत.

आपल्या हाती काय आहे

आपल्यापैकी कोणी स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, कोणी शल्यविशारद, कोणी कुटुंबाचे डॉक्टर, तर कोणी आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर. खेड्यातील बाई प्रथम कोणाकडे येईल हे सांगता येत नाही. म्हणून माझी विनंती सर्वांनाच आहे. स्त्रीरुग्ण अथवा मुलाची आई समोर बसली, की पाच प्रश्न अवश्य विचारावेत. पाणी किती लांबून आणता आणि दिवसभरात किती पिता? शौचाला कोठे व केव्हा जाता? पाळीचा कपडा कोठे वाळवता? स्वयंपाक कशावर करता? बाळंतपणानंतर किती दिवसांनी वावरात गेलात आणि तेथे फवारणी असते काय? पुरुष डॉक्टरांपुढे बाई बोलत नसेल, तर हे प्रश्न परिचारिकेने विचारावेत. मी हीच पद्धत पाळतो. दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही, आणि मिळणारी उत्तरे कित्येकदा सोनोग्राफीपेक्षा अधिक सांगून जातात.

दुसरी विनंती शस्त्रक्रियेविषयी आहे. चाळिशीच्या आतील स्त्रीला गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय तिने निर्णय करू नये, असा संकेत आपल्या संघटनेने स्वतःहून पाळावा. त्यासाठी शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

तिसरी विनंती स्मरणिकेच्या इतर वाचकांना, म्हणजे गावातील सुज्ञ बंधू-भगिनींना आहे. ग्रामसभेत रस्त्याचा आणि सभामंडपाचा विषय निघतो, तसाच वावराच्या वाटेवर स्त्रियांसाठी आडोसा आणि पाण्याची सोय यांचाही निघावा. सासूबाईंनी सुनेला बाळंतपणानंतर सव्वा महिना तरी गुंड उचलू देऊ नये. सव्वा महिन्याची विश्रांती ही आपल्याच परंपरेतील शहाणी चाल आहे, ती मजुरीच्या घाईत मागे पडली एवढेच. घरातील पुरुषांनी फवारणीचे कपडे स्वतः वेगळे धुवावेत आणि औषधाचे डबे स्वयंपाकघरापासून दूर ठेवावेत. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च लागत नाही.

वसा आणि अमिर्झा येथील स्त्रियांनी आपले दुखणे सांगितले, कारण कोणीतरी त्यांच्या गावात जाऊन विचारले. येत्या वर्षी आपल्या संघटनेने रामाकोना परिसरातील दोन गावे निवडून, स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींच्या नेतृत्वाखाली आणि आशा कार्यकर्त्यांच्या साहाय्याने अशीच तपासणी करावी, असा प्रस्ताव मी या लेखाद्वारे ठेवत आहे. तपासणीसोबत प्रत्येक घरातील पाणी, चूल आणि शौचालय यांचीही नोंद व्हावी. पुढील स्मरणिकेत त्या नोंदी छापल्या गेल्या, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.